डॉ. पापानिकोलाऊ आणि त्यांच्या सहधर्मचारिणी

थोरांची चरित्रे वाचावीत, मुलाबाळांना सांगावीत, ही आपल्याकडील जुनी आणि चांगली चाल आहे. राजे, संत, देशभक्त यांची नावे आपल्या घरांतून सहज घेतली जातात. परंतु ज्यांनी कसलाही गाजावाजा न करता प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात बसून जगातील असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले, त्यांची नावे आपल्या कानांवर क्वचितच येतात. 'पॅप स्मिअर' हा शब्द मात्र अनेक भगिनींनी दवाखान्यात ऐकला असेल. त्यातील 'पॅप' हा एका माणसाच्या आडनावाचा पहिला तुकडा आहे, हे पुष्कळींना ठाऊक नसते. तो माणूस म्हणजे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. मंडळाच्या ह्या स्मरणिकेत त्यांची आणि त्यांच्या पत्नीची ओळख करून द्यावी, असे मनापासून वाटले. ह्या चरित्रात आपल्या साऱ्यांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट गुंतलेली आहे, आणि ती संकोचाने बाजूला सारण्यासारखी नाही.

ग्रीस देशात युबिया नावाचे एक मोठे बेट आहे. त्या बेटावरील कीमी ह्या गावी १३ मे १८८३ रोजी जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म झाला. वडील निकोलाओस हे गावातील डॉक्टर. गावचा कारभार आणि राजकारण यांतही त्यांचे वजन होते. आई संगीताची व वाङ्मयाची आवड असलेली. मुलाच्या अंगी दोघांचेही गुण उतरले. तो व्हायोलिन वाजविण्यास शिकला आणि वडिलांच्या इच्छेस मान देऊन अथेन्सच्या विद्यापीठात वैद्यकही शिकला. १९०४ साली तो तेथून उत्तम प्रकारे पदवी घेऊन बाहेर पडला. आता मुलाने गावी यावे, आपला दवाखाना पुढे चालवावा, सुखासमाधानाने संसार करावा, एवढीच वडिलांची अपेक्षा. परंतु तरुण जॉर्जचे मन रोग्यांच्या रांगेपेक्षा जीवसृष्टीच्या गूढाकडे ओढले जात होते. लष्करातील सक्तीची नोकरी आटोपल्यावर त्यांनी जर्मनीची वाट धरली. येना, फ्रायबुर्ग, म्युनिक अशा ठिकाणी त्या काळच्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले आणि १९१० साली म्युनिक येथे डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता पाण्यातील एका चिमुकल्या पिसवेसारख्या जीवाचा. नर कसा ठरतो व मादी कशी ठरते, हे त्यात तपासले होते. पुढे जन्मभर ज्या विषयाने त्यांना भुरळ घातली त्याचे बीज येथेच पडले.

त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव आंद्रोमाकी मावरोयेनी. पुढे अमेरिकेत गेल्यावर सारे त्यांना मेरी म्हणू लागले, म्हणून आपणही त्यांना मेरीबाई म्हणू. लष्करी अधिकाऱ्याच्या घरची लेक, फ्रेंच भाषा जाणणारी, पियानो वाजविणारी. अशा मुलीच्या नशिबी सुखवस्तू संसार यावा असेच कोणासही वाटले असते. परंतु त्यांनी ज्याचा हात धरला होता त्याला पैशापेक्षा ज्ञानाची भूक मोठी होती, आणि ती भूक मेरीबाईंनी पहिल्या दिवसापासून आपलीच मानली.

लग्नानंतर मोनॅको येथील समुद्रविज्ञान संस्थेत जॉर्जना काम मिळाले आणि तेथील राजाच्या सागरी संशोधन मोहिमेतही ते गेले. इतक्यात आईच्या निधनाची वार्ता आली व ते मायदेशी परतले. लगेच १९१२ साली बाल्कन युद्ध पेटले आणि त्यांना सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावे लागले. ह्या युद्धात अमेरिकेहून स्वखुशीने लढावयास आलेले काही ग्रीक तरुण त्यांना भेटले. त्या देशात कर्तबगार माणसाला वाव मिळतो, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर पतिपत्नींनी निश्चय केला. १९ ऑक्टोबर १९१३ रोजी ती दोघे न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरली. जवळ सारे मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास रक्कम, ओळखीचे कोणी नाही, आणि इंग्रजी भाषेचा गंध नाही, अशी अवस्था.

म्युनिकची डॉक्टरेट खिशात असलेला हा विद्वान काही दिवस एका मोठ्या दुकानात गालिचे विकत होता. कधी उपाहारगृहात व्हायोलिन वाजवी, कधी एका ग्रीक वर्तमानपत्राच्या कचेरीत कारकुनी करी. मेरीबाईंनी त्याच दुकानात शिवणकाम पत्करले. दिवसभर कपड्यांना गुंड्या लावावयाच्या आणि आठवड्याअखेर पाच डॉलर घरी आणावयाचे. ज्या बोटांनी पियानो वाजविला त्या बोटांनी सुईदोरा हाती घेतला, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. परक्या मुलखात संसाराचा पहिला आधार बाईच्या शिवणाने दिला, हे आपल्यापैकी अनेकींना ओळखीचे वाटेल.

सुदैवाने कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन ह्या थोर शास्त्रज्ञाला पापानिकोलाऊंचा प्रबंध ठाऊक होता. त्यांच्या शिफारशीने प्रथम न्यूयॉर्क रुग्णालयात व लगेच १९१४ साली कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली. तेथे डॉ. चार्ल्स स्टॉकर्ड यांच्या हाताखाली ते काम करू लागले. मेरीबाईही प्रयोगशाळेत आल्या. काचपट्ट्या धुणे, रंग तयार करणे, नोंदी ठेवणे, प्राण्यांची निगा राखणे, ही सर्व कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली, आणि त्यातील फार मोठा काळ त्यांना त्याचा पगार नव्हता. घर त्याच सांभाळीत, प्रयोगशाळाही त्याच सांभाळीत. ह्या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. प्रयोगशाळा हाच त्यांचा दुसरा संसार होता.

गिनिपिग ह्या छोट्या प्राण्यावर त्यांचे काम चाले. मादीच्या शरीरात बीज नेमके कोणत्या दिवशी पक्व होते हे कळणे प्रयोगास आवश्यक होते. परंतु ते बाहेरून ओळखावे कसे? त्याकरिता प्राणी मारावे लागत, आणि इतके करूनही वेळ चुके. पापानिकोलाऊंनी विचार केला की बाईच्या शरीरात ज्याप्रमाणे महिन्याचे चक्र असते, त्याप्रमाणे ह्या मादीच्या शरीरातही काही चक्र असलेच पाहिजे. त्यांनी नाक तपासण्याचे एक लहानसे उपकरण घेऊन मादीच्या योनिमार्गातील स्राव रोज काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दिवसादिवसाला त्यातील पेशींची रूपे बदलत होती! त्या रूपांवरून बीज पक्व होण्याचा दिवस अचूक सांगता येई. स्टॉकर्ड यांच्यासह हे संशोधन त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले.

हेच चक्र स्त्रीच्या शरीरात पाहावयाचे तर रोज नमुना देणारी कोणी स्त्री हवी. त्या काळी अशी मागणी परक्या बाईकडे करणेही अवघड. तेव्हा मेरीबाई पुढे झाल्या. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे, वर्षानुवर्षे त्यांनी नियमाने आपला नमुना दिला आणि त्याची नोंद झाली. ह्या निरोगी स्त्रीच्या काचपट्ट्या आधी डोळ्यांत भरल्या, म्हणूनच रोगी पेशी समोर येताच ती वेगळी उमटून दिसली. ह्या कामी मेरीबाईंचा वाटा केवळ सहनशीलतेचा नव्हता. निरोगी काय हे ठरल्यावाचून रोग ओळखता येत नाही, आणि ते ठरविण्याचे साहित्य त्यांनी स्वतःच्या देहातून पुरविले. पोथ्यांत सहधर्मचारिणी हा शब्द आपण वाचतो. त्याचा अर्थ काय असू शकतो हे येथे दिसते.

१९२० नंतर पापानिकोलाऊ रुग्णालयातील स्त्रियांचे नमुने तपासू लागले. त्यांतील एका काचपट्टीवर त्यांना चमत्कारिक पेशी दिसल्या. केंद्रके अवास्तव मोठी, काळी, वेडीवाकडी. ती बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होती. म्हणजे रोगाच्या पेशी आपोआप गळून स्रावात येतात, आणि शस्त्र न लावता त्या डोळ्यांना दिसतात! आपल्या संशोधनजीवनातील सर्वांत मोठ्या आनंदाच्या क्षणांपैकी एक म्हणून ते पुढे ह्या प्रसंगाची आठवण काढीत.

जगाला मात्र हा आनंद कळला नाही. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी आपला निबंध वाचला. श्रोत्यांनी तो थंडपणाने ऐकला. मांसाचा तुकडा काढून तपासण्याची पक्की पद्धत हाताशी असताना गळालेल्या पेशींवरून निदान करण्याचा खटाटोप कशाला, असे तज्ज्ञांना वाटे. त्याच सुमारास रुमेनियात डॉ. ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशाच प्रकारचा शोध लावून १९२८ साली प्रसिद्ध केला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. दोघांचीही त्या वेळी उपेक्षाच झाली.

पापानिकोलाऊ रुसले नाहीत, भांडलेही नाहीत. पुन्हा आपल्या गिनिपिगांकडे आणि काचपट्ट्यांकडे वळले. अशी दहा-अकरा वर्षे गेली. १९३९ साली विभागावर डॉ. जोसेफ हिन्सी प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी हे जुने काम पुन्हा हाती घेण्यास उत्तेजन दिले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांचे साहाय्य मिळाले. रुग्णालयाच्या स्त्रीविभागात येणाऱ्या स्त्रियांचे नमुने नियमाने घेतले जाऊ लागले. आणि आश्चर्य असे, की ज्यांना कसलाही त्रास नव्हता, ज्यांच्या तपासणीत डोळ्यांना काहीही दिसत नव्हते, अशा काही स्त्रियांच्या काचपट्टीवर रोगाची पूर्वखूण सापडू लागली. १९४१ साली दोघांचा निबंध आला. १९४२ साली पेशी रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात केंद्रके काळसर निळी आणि भोवतालचे पेशीद्रव्य गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट निळे दिसते, आणि ती आजही जगभर वापरात आहे. १९४३ साली दोघांचा ग्रंथ निघाला. त्यातील पेशींची सुरेख रंगीत चित्रे हाशिमे मुरायामा ह्या जपानी वंशाच्या चित्रकाराने काढली होती. ह्या वेळी पापानिकोलाऊंचे वय साठ वर्षांचे होते. ज्या वयात माणसे निवृत्तीच्या गोष्टी बोलतात त्या वयात त्यांच्या कामास खरा आरंभ झाला.

ह्या शोधाचे महत्त्व काय ते थोडक्यात सांगते. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. निरोगी पेशी बिघडण्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे लोटतात. एवढ्या अवधीत बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. अवेळी रक्तस्राव, दुर्गंधी स्राव, कंबरदुखी ही लक्षणे पुष्कळदा रोग वाढल्यावरच दिसतात. परंतु बिघडलेल्या पेशी आधीच हेरल्या तर लहानशा उपचाराने रोगाचा नायनाट होतो. १९४७ साली कॅनडातील डॉ. अर्नेस्ट एअर यांनी लाकडी पट्टीने थेट गर्भाशयमुखावरून नमुना घेण्याची सोय केली आणि ही तपासणी अधिकच सुलभ झाली. ज्या देशांनी ती स्त्रियांना नियमाने उपलब्ध करून दिली तेथे ह्या रोगाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

आता ह्यातील खरी अडचण पाहू. एका काचपट्टीवर पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत पेशी असतात, आणि बिघडलेल्या पेशी कधी कधी मोजक्या दहा-वीसच असतात. पोतेभर तांदळात चार खडे, आणि तेही तांदळाच्याच रंगाचे! आपण तांदूळ निवडावयास बसतो तेव्हा पहिल्या ताटात नजर तीक्ष्ण असते. पाचव्या ताटापर्यंत मान अवघडते, मन दुसरीकडे जाते, आणि खडा नेमका जेवताना दाताखाली येतो. काचपट्टी तपासणारांचेही तसेच होते. फरक इतकाच की येथे सुटलेला खडा म्हणजे कोणाची तरी आई, कोणाची तरी लेक. अमेरिकेत एकेका माणसाकडून दिवसाकाठी बेसुमार काचपट्ट्या तपासून घेणाऱ्या प्रयोगशाळांचा प्रकार १९८७ साली उघडकीस आला. त्यामुळे स्त्रियांचे प्राण गेल्याचेही दिसून आले. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि त्यान्वये एका माणसाने एका दिवसात शंभरांहून अधिक काचपट्ट्या तपासू नयेत असे बंधन आले.

हे काम यंत्राकडून करून घेता येईल काय, हा विचार खुद्द पापानिकोलाऊंच्याही मनाला शिवला होता. पेशींना चकाकणारा रंग देऊन यंत्राच्या साहाय्याने त्या मोजावयाच्या, अशा पद्धतीवर डॉ. रॉबर्ट मेलर्स व आणखी एक सहकारी यांच्यासह त्यांनी १९५२ साली निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आज ज्याचा इतका बोलबाला आहे त्या कल्पनेच्या पाळण्याची दोरी ओढणाऱ्यांत तेही होते. त्याच दशकात अमेरिकेत 'सायटोअॅनालायझर' नावाचे यंत्र तयार झाले. ते काचपट्टीवर प्रकाशाचा बारीक किरण फिरवी आणि केंद्रकाचा आकार व काळसरपणा मोजी. मोठे आणि काळे दिसले की इशारा देई. परंतु प्रत्यक्ष कसोटीत ते टिकले नाही. एकमेकींवर चढलेल्या पेशी, रक्तातील पांढऱ्या पेशींचे पुंजके, कचरा, ह्या सर्वांनाच ते रोगी समजे. चाळणीला दाण्याचा आकार कळतो, खडा कळत नाही. दोन दाणे चिकटून आले तर चाळण त्यांनाच अडविते, तसे हे झाले. त्या काळातील यंत्रे अशा कामास फारच तोकडी होती. पापानिकोलाऊंच्या हयातीत ह्या प्रयत्नास यश आले नाही.

पुढे संगणक आले तेव्हा दृष्टी बदलली. संगणक काचपट्टीचे चित्र टिपतो, त्या चित्राचे लक्षावधी बारीक ठिपके करतो आणि प्रत्येक ठिपका किती गडद हे आकड्यात मांडतो. त्या आकड्यांवरून तो केंद्रकाची कड शोधतो. केंद्रक केवढे, त्याभोवतीच्या पेशीद्रव्याशी त्याचे प्रमाण काय, कड गुळगुळीत की खडबडीत, आतील द्रव्य सारखे पसरलेले की ढेकळांसारखे, असे अनेक गुण तो मोजतो. पापानिकोलाऊंचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली जे जे पाहून शंका घेई, तेच आता आकड्यांत उतरले. नमुना थेट काचेवर न फासता द्रवात बुचकळून पातळ थरात पसरण्याची पद्धतही निघाली. तिला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. तिच्यामुळे पेशी एकमेकींवर चढण्याचा जुना घोटाळा कमी झाला.

१९९५ साली 'पॅपनेट' नावाच्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली. माणसाने एकदा तपासून निर्दोष ठरविलेली काचपट्टी ती पुन्हा पाही आणि सर्वांत संशयास्पद अशी १२८ चित्रे निवडून माणसापुढे ठेवी. १९९८ साली 'ऑटोपॅप' ह्या यंत्राला पहिल्याच फेरीत तपासणी करण्याची परवानगी मिळाली. अगदी निर्धोक वाटणाऱ्या, फार तर एक चतुर्थांश काचपट्ट्या ते बाजूस ठेवी आणि बाकीच्या माणसाकडे धाडी. २००३ साली आलेली दुसरी एक यंत्रणा प्रत्येक काचपट्टीवरील बावीस जागा दाखविते आणि तेथे माणूस डोळे घालून पाहतो. २०२४ साली संपूर्ण काचपट्टीचे चित्र करून, शिकविलेल्या संगणकाने त्यातील संशयित पेशी पुढे काढून देणाऱ्या यंत्रणेलाही अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. ह्या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. चाळण्याचे काम यंत्राचे, निवडण्याचे काम माणसाचे. रोग आहे असा शेवटचा शब्द यंत्र देत नाही.

यंत्र आले म्हणून सर्व चांगलेच झाले असेही मानू नये. इंग्लंडमध्ये माणसाचे वाचन आणि यंत्राच्या मदतीने केलेले वाचन यांची मोठी तुलना झाली. २०११ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यंत्राच्या मदतीने वेळ वाचला, परंतु उपचार करण्याजोगा बिघाड हेरण्यात ती पद्धत माणसाच्या वाचनापेक्षा सुमारे आठ टक्के उणी पडली. म्हणून तेथील तज्ज्ञांनी तिची शिफारस केली नाही. नव्या साधनाला आधी कसोटीस लावावे, मग डोक्यावर घ्यावे, हा धडा त्यात आहे.

पापानिकोलाऊंच्या चरित्राकडे पुन्हा वळू. १९५० साली त्यांना लास्कर पुरस्कार हा मोठा सन्मान मिळाला. १९५४ साली गळालेल्या पेशींचा त्यांचा सचित्र महाग्रंथ प्रसिद्ध झाला. देशोदेशींचे डॉक्टर त्यांच्यापाशी शिकावयास येत. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, परंतु ते त्यांना मिळाले नाही. ह्याची खंत करीत बसावे असा त्यांचा पिंडच नव्हता. रजा घेणे त्यांना जवळजवळ ठाऊकच नव्हते. १९६१ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, फ्लोरिडातील मायामी येथील कर्करोग संशोधन संस्थेची धुरा सांभाळण्यासाठी ती दोघे न्यूयॉर्क सोडून गेली. अवघ्या तीन महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने डॉक्टरांचे देहावसान झाले. संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. मेरीबाईंनी त्या संस्थेशी आपला संबंध शेवटपर्यंत तोडला नाही. १९८२ साली त्याही गेल्या. अमेरिकेने १९७८ साली टपालाचे तिकीट काढून आणि ग्रीसने १९९५ साली दहा हजार द्राख्माच्या नोटेवर चित्र छापून डॉक्टरांचा गौरव केला. मेरीबाईंचे चित्र नोटेवर आले नाही. म्हणूनच ह्या लेखाच्या मथळ्यात त्यांना जागा दिली आहे.

भगिनींनो, ही परदेशची कथा झाली, तिच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. आपल्या देशातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या खालोखाल हाच रोग येतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ऐंशी हजार दगावल्या. टाळता येण्याजोग्या रोगाने एवढ्या बायका जाव्यात, ही आपल्या साऱ्यांच्या मनाला लागण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या महाराष्ट्राने ह्या बाबतीत जगाला काही शिकविलेही आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने मोठा अभ्यास झाला. ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीचे डॉ. हॅराल्ड झुर हाउझेन यांना ह्या शोधाबद्दल २००८ साली नोबेल मिळाले. ह्या विषाणूची एकच तपासणी एकदा केली तरी आठ वर्षांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे त्या अभ्यासात २००९ साली दिसून आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ केलेल्या सिरक्यासारख्या अॅसिडाचा बोळा लावून डोळ्यांनी तपासणी केली. तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना आता तिसाव्या वर्षापासून विषाणूच्या तपासणीची शिफारस करते, आणि मुलींसाठी लसही उपलब्ध आहे. ह्या नव्या साधनांनी पॅप तपासणीचे काम संपले असे मात्र नाही. विषाणू सापडलेल्या बाईत बिघाड खरोखर सुरू झाला आहे का, हे पाहण्यास पुष्कळ ठिकाणी पापानिकोलाऊंचीच काचपट्टी लागते.

तात्पर्य काय? संगणक लाखांतील एक पेशी हुडकून काढील, परंतु काचपट्टीच तयार झाली नाही तर तो काय शोधणार? तपासणीस जाण्याचे पाऊल आपले आपणच उचलावे लागते, आणि तेथेच आपले घोडे अडते. लाज वाटते, वेळ नसतो, घरचे काय म्हणतील ही धास्ती असते, दुखत नाही मग कशाला, असे मन सांगते. मेरीबाई शंभर वर्षांपूर्वी, काही दुखत नसताना, रोजच्या रोज तपासणीस बसल्या. आपणांस तर काही वर्षांतून एकदाच जावयाचे आहे. तीस ते पासष्ट वर्षांच्या दरम्यानच्या प्रत्येक भगिनीने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे ह्याविषयी चौकशी करावी. तपासणी झाल्यावर तिचा लेखी निकाल मागून घ्यावा, तो कपाटात जपून ठेवावा आणि पुढची तपासणी कधी हे विचारल्याशिवाय उठू नये. एकटीने जाण्याचा संकोच वाटत असेल तर दोघी-तिघींनी मिळून जावे. सासूने सुनेला आणि सुनेने सासूला आठवण करावी. घरकामास येणाऱ्या बाईलाही विचारावे, कारण तिला सांगणारे कोणी नसते.

मंडळाच्या वर्धापनदिनी आपण हळदीकुंकू करतो, गाणी म्हणतो, एकमेकींच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेला कृतीची जोड द्यावी, एवढीच ह्या चरित्रामागील इच्छा आहे.